निळं पाणी आणि कार्यकक्षेबाहेरचा मासा

"मी कोण आहे हे मीच सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो," दाजी म्हणाले. "या शहरात डोळे पुष्कळांना आहेत, नजर मला एकट्याला आहे. माणूस दारातून आत येतो, तोवर तो सकाळी कोणाशी भांडला आणि आता कोणती थाप मारणार, हे मला कळलेलं असतं. गुन्हेगार मला बघून पळत नाहीत. खाली बसतात. पायातलं बळ जातं त्यांच्या. आता तुमचंच घ्या. तुम्ही डावखुरे आहात, तुमचं नुकतंच लग्न झालंय आणि तुम्हाला पाण्याची भीती वाटते."

नगरपालिकेचा अभियंता उजव्या हाताने सही करत होता. थोरली मुलगी कॉलेजात गेल्याचे पेढे त्याने गेल्याच महिन्यात वाटले होते. त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर पोहण्याच्या स्पर्धेत मिळालेली ढाल टांगली होती. त्याने सही पुरी केली आणि पेनाला टोपण लावलं.

"ते असू द्या. शोधकार्याचा अनुभव आहे का? आमची तेवढी एकच अट आहे."

"अनुभव?" दाजी खिन्न हसले. "न्यायाधीशांच्या मांजराचं प्रकरण ऐकलं असेलच तुम्ही."

अभियंत्याने ऐकलं नव्हतं. दाजींच्या मागे दुर्बीण, भिंग, छत्री आणि डबा अशा चार वस्तू दोन हातांत सांभाळत उभ्या असलेल्या मेहुण्याने मात्र ते पुष्कळदा ऐकलं होतं. शिवाय ते मांजर न्यायाधीशांच्याच कपाटावर झोपलेलं होतं आणि ते त्यांच्या मोलकरणीला दिसलं होतं, हेही त्याला ठाऊक होतं. पण तो बोलला नाही. कामावर असताना सहायकाने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा दाजींचा नियम होता; आणि दाजी विचारत नसत.

मेहुणा हा दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. घरी 'दाजी' म्हणायचं आणि कामावर 'साहेब', हा दुसरा नियम. या नोकरीत पगाराच्या जागी अनुभव मिळत असे. घर चालायचं ते त्याच्या बायकोच्या लाँड्रीवर. चौकातून तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं दुकान होतं: पुढे काउंटर, मागे दोन मशीनं, एक मोरी आणि इस्त्रीचं टेबल. मेहुणा दिवसभर दाजींचं सामान वाहायचा आणि संध्याकाळी लोकांचे गठ्ठे. त्याच्या मते दोन्ही कामांत फरक एवढाच होता, की गठ्ठ्यांना स्वतःविषयी बोलायची सवय नव्हती.

तर प्रकरण असं होतं.

पावसाचं पाणी वाहून नेणारी शहरातली गटारं सरळ तळ्यात जात. कागदोपत्री त्यांना पर्जन्यजलवाहिन्या म्हणत, त्यामुळे त्यांना वास येत नसे. प्रदूषण मंडळाने नवा नियम काढला: या गटारांतून तळ्यात जाईल ते पाणी स्वच्छ हवं, नाही तर नगरपालिकेवर कारवाई. नगरपालिका हादरली आणि हादरल्यावर ती नेहमी जे करते तेच तिने केलं. सल्लागार नेमला.

पहिल्या सल्लागाराने खोल अभ्यास करून असा निष्कर्ष काढला, की प्रश्न गंभीर असून त्यासाठी सल्लागार नेमणं आवश्यक आहे. म्हणून दुसरा नेमला. दुसऱ्याचा भर जनजागृतीवर होता. त्याच्या सांगण्यावरून रस्त्यावरच्या प्रत्येक गटाराच्या जाळीशेजारी एक निळा मासा रंगवला गेला. माशाच्या पोटात पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ही जाळी तळ्याला मिळते. इथे काही टाकू नका.' मासा देखणा होता. पण तो रस्त्यावर असल्यामुळे त्याच्यावरून वाहनं जात आणि तो पुसट होई. म्हणून एक पेंटर कायमचा ठेवला होता. तो एका टोकापासून मासे रंगवत निघे आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचे मासे दिसेनासे झालेले असत.

मासे आल्यावर थोड्याच दिवसांत तळ्यात निळं पाणी उतरू लागलं.

सारखं नव्हे, अधूनमधून, बहुतेक दुपारी. चौकाच्या गटाराचं तोंड तळ्याच्या काठी उघडत होतं. ऐन उन्हाळ्यातही त्या गटाराला पाण्याची धार असे, कारण नगरपालिकेचा नळ वाटेत कुठेतरी गळत होता. ती गळती शोधायला वेगळा सल्लागार होता. त्या धारेतून निळा लोट यायचा, काठाला पसरायचा आणि विरायचा. मंडळाच्या निरीक्षक बाईंनी तो डोळ्यांनी पाहिला आणि बजावलं, की पुढच्या भेटीत उगम दाखवा, नाही तर कारवाईला तयार राहा. म्हणून तिसरा सल्लागार. उगम शोधायचा म्हणजे शोधकार्याचा अनुभव हवा, अशी अट कोणीतरी घातली आणि त्या अटीत शहरातले एकटे दाजी बसले.

"कार्यकक्षा नीट वाचून घ्या," अभियंता म्हणाला. "पूर्वीच्या सल्लागारांनी केलेली कामं पूर्ण झालेली आहेत. त्यांच्याबद्दल प्रश्न उपस्थित करायचे नाहीत. मासे तुमच्या कार्यकक्षेत येत नाहीत."

"माशांशी माझं काही भांडण नाही," दाजी म्हणाले.

*

पहिल्या दिवशी दाजींनी तळ्याकाठी गुडघे टेकून भिंगातून निळं पाणी पाहिलं, वास घेतला, आणि मेहुण्याने हात धरायच्या आत चाखलं.

"शाई!" ते थुंकत म्हणाले. "या शहरात शाई कोणाकडे आहे? चल."

शाई नगरपालिकेकडेच होती. जन्ममृत्यू विभागातल्या कारकुनाचा अंगठा निळा होता. दाजींनी त्याचा पाठलाग केला. तो चहाला गेला, परत आला, पुन्हा चहाला गेला. संध्याकाळी रांगेतून त्याच्या खिडकीशी पोचून त्यांनी विचारलं, "हा डाग कुठून आला?"

"शिक्क्यांचं पॅड," कारकून म्हणाला. "तुम्हाला दाखला हवाय का?"

दाजींनी नको म्हटलं. पण रांगेत उभं राहिल्यामुळे त्यांना एक घ्यावाच लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाई सोडून दिली आणि हे परक्या शक्तीचं काम असल्याचं जाहीर केलं. शेजारच्या गावालाही तळं होतं आणि त्या तळ्यावर होड्या होत्या. "आपलं तळं बदनाम झालं, तर फिरायला येणारे लोक कुठे जातील?" त्यांनी विचारलं. मग ते दिवसभर त्या तळ्यावर होडीत बसून हेरगिरी करत राहिले. वल्ही मेहुण्याने मारली. हेरगिरीतून एवढंच निष्पन्न झालं, की होडीवाल्याला दाजींच्या शहरात तळं आहे हेच माहीत नव्हतं.

परतताना चौकात मेहुणा एका जाळीपाशी थबकला. ताज्या रंगवलेल्या माशाकडे त्याने पाहिलं आणि नियम मोडून तोंड उघडलं.

"साहेब, मी काय म्हणतो, हा निळा आणि तो निळा..."

"कार्यकक्षा!" दाजींनी बोट वर केलं. "मासे पूर्ण झालेले आहेत. पूर्ण झालेल्या गोष्टीवर संशय घेणं हा नवशिक्याचा दोष आहे. उद्यापासून पाळत."

*

पाळतीची योजना साधी होती. मेहुण्याने तळ्याकाठी गटाराच्या तोंडाशी बसायचं, दाजींनी वर चौकातल्या जाळीपाशी. फोन दोघांनी चालूच ठेवायचा. दाजींनी सामान्य नागरिकाचं वेषांतर केलं होतं. त्यासाठी काळा चष्मा, मफलर, आणि खऱ्या मिशीवर चिकटवलेली खोटी मिशी एवढं लागलं. सकाळपासून तीन ओळखीच्या माणसांनी त्यांना नमस्कार केला, आणि एकाने "बरं नाही का?" असं विचारलं.

"सहायक, परिस्थिती?"

"पाणी स्वच्छ आहे, साहेब. ऊन फार आहे."

"इथे जाळीशेजारी पेंटर मासा रंगवतोय. भला माणूस आहे. मी त्याच्या शेजारीच बसलोय. त्याला विश्वासात घेऊन विचारलं, इथे कोणी संशयास्पद इसम काही ओतताना दिसतो का? तो म्हणाला, नाही बुवा. मी म्हटलं, लक्ष ठेवा. तो म्हणाला, ठेवतो."

मग बराच वेळ फोनमधून नुसती वाहनं ऐकू आली. दुपार झाली. डबा उघडल्याचा आवाज आला. तो मेहुण्याने सकाळी वाहून नेलेला डबा होता. पेंटर जेवायला बसला असावा, कारण दाजी त्याला म्हणत होते, "अहो, तुम्ही बसा, हात धुतलेत ना? द्या इकडे, मी करतो. त्यात काय एवढं! अरेच्चा, पँटवर उडालं. असू दे, असू दे." काहीतरी घळघळलं. मग दाजी पुन्हा फोनवर आले. "हं. सगळं शांत. जाळीत कोणी काही टाकलेलं नाही. माझी नजर हललेली नाही."

मेहुणा तळ्यात पाय सोडून बसला होता. त्याने पाय झटकन वर घेतले.

"साहेब! निळं आलं!"

"अशक्य."

"माझे पायच निळे झालेत, साहेब!"

दाजी विचार करत होते आणि तसं झालं की पुढे कोणाचं तरी वाटोळं व्हायचं, हे मेहुण्याला अनुभवाने माहीत होतं.

"ऐक," दाजी हळू आवाजात म्हणाले. "वरच्या जाळीवर मी स्वतः बसलो होतो. तिथून काही गेलेलं नाही. खाली तोंडाशी निळं आलं. म्हणजे निळं वाटेत शिरलं. बरोबर?"

"बरोबर, साहेब."

"चौक ते तळं, या वाटेत पाण्याचं काम कोण करतं? शिंपी, नाही. पुस्तकांचं दुकान, नाही. कुलूपवाला, नाही. उरतं कोण? कपडे धुणारं. कपड्यांना नीळ देणारं. नीळ, सहायक! डोळ्यांसमोर होती!"

मेहुणा ताडकन उठून उभा राहिला.

"दाजी, ते आपलं दुकान आहे."

"कामावर साहेब म्हणायचं," दाजी म्हणाले. आवाज मात्र जरा पडला होता. "माझ्याही काळजाला घरं पडतायत. पण सत्याला नाती नसतात. तू साक्षीदार म्हणून सही करशील ना?"

*

संध्याकाळी मेहुणा दुकानात गेला तेव्हा बायको एका चादरीचं एक टोक धरून उभी होती. तिने दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी चादर ताणली, घडी घातली, एकमेकांजवळ आली, लांब गेली. तिसऱ्या घडीला त्याने सांगून टाकलं. उद्या निरीक्षक बाई येणार आहेत. अभियंता येणार आहे. दुकानाला सील लागणार आहे.

"कोणी शोध लावला हा?"

"दाजींनी."

"आणि तू काय केलंस?"

"मी सही केली नाही."

"शाबास. म्हणजे दुकान जाईल, पण तुझ्या सहीशिवाय जाईल." तिने चादर कपाटात ठेवली आणि दार आपटून लावलं. "आपल्या मोरीचं पाणी सांडपाण्याच्या लाइनला जातं. गटाराला नाही. नगरपालिकेच्याच माणसाने जोडून दिलंय. नीळ मी शर्टांना देते, ती बोटाच्या चिमटीएवढी. तळं निळं करायचं तर मला शहरभरचे शर्ट धुवावे लागतील. मिळाले तर धुवीनही."

"मी सांगितलं अभियंत्याला. तो म्हणाला, जोडणी तपासणं दुसऱ्या विभागाकडे आहे."

ती स्टुलावर बसली. मशीन फिरत होतं. ते दोघांनी मिळून घेतलेलं मशीन होतं. तेव्हापासून दोघं कुठे फिरायला गेली नव्हती. काही वेळाने ती म्हणाली, "सील लागलं की आतले लोकांचे कपडे आतच राहतील?"

"बहुतेक."

"मग दाजींना सांग, दुपारी पँट टाकून गेलेत ती घेऊन जा म्हणावं. तातडीची म्हणून दिलीय. डाग निघत नाहीये."

*

सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. निरीक्षक बाई काउंटरला टेकून उभ्या होत्या. अभियंता घड्याळ बघत होता. त्याच्या शिपायाने लाखेची कांडी, मेणबत्ती आणि पितळी शिक्का इस्त्रीच्या टेबलावर मांडून ठेवला होता. दाजींची बायको, म्हणजे ताई, नवऱ्याचा विजय बघायला नव्हे तर पडद्यांचा गठ्ठा न्यायला आली होती. मेहुण्याची बायको दोन्ही हात कमरेवर ठेवून मोरीच्या दारात उभी होती. तिला हलवायचं तर आधी मेहुण्याला हलवावं लागलं असतं, कारण तो तिच्या पुढे उभा होता. आयुष्यात प्रथमच त्याच्या हातात दाजींची एकही वस्तू नव्हती.

"सर्वांना एकत्र का बोलावलं, याचं नवल वाटत असेल," दाजींनी सुरुवात केली.

"तुम्ही नाही बोलावलं, मी बोलावलंय," निरीक्षक बाई म्हणाल्या. "लवकर आटपा."

दाजींनी लवकर आटपलं नाही. शाईपासून सुरुवात करून ते कारकुनावर आले, कारकुनावरून होडीत बसले, होडीतून चौकात उतरले. "आणि मग," ते बोट हळूहळू फिरवत म्हणाले, "मी स्वतः जाळीवर बसलो. डोळ्यांची पापणी हलू दिली नाही. वरून काही गेलं नाही आणि खाली निळं निघालं! गुन्हेगार या खोलीत आहे!"

बोट मोरीच्या दारावर येऊन थांबलं. मेहुणा मधे असल्यामुळे ते त्याच्या नाकावर थांबलं.

"दाजी," त्याच्या मागून बायकोचा आवाज आला, "सील लावायच्या आधी तुमची पँट घ्या. डाग काही जात नाही. तीन वेळा धुतली."

तिने मेहुण्याच्या खांद्यावरून पँट पुढे केली. ती दाजींची पाळतीची पांढरी पँट होती आणि गुडघ्याखाली तिच्यावर निळ्या थेंबांचा पट्टा उमटला होता. ताईने पडद्यांचा गठ्ठा खाली ठेवला.

"अहो, ही नवी होती ना? हे कुठे माखून आलात?"

"अगं, नंतर. इथे सत्य उघड होतंय."

"आधी हे उघड होऊ दे. कसला रंग आहे हा?"

"पेंटरच्या बादलीचा. उडाला जरासा."

"पेंटरची बादली तुमच्या पँटीपर्यंत कशी आली?"

"त्याचे हात धुऊन झाले होते, तो जेवायला बसला होता. मी म्हटलं, मी ओततो. माणुसकी म्हणून काही असतं की नाही?"

"कुठे ओतलीत?"

"कुठे म्हणजे? जाळीत. मी जाळीवरच बसलो होतो."

शिपायाने पेटवलेली मेणबत्ती हलकेच फुंकली.

"तो रोज असाच जाळीत ओततो?" ताईने विचारलं.

"रोज. ब्रश धुतलेलं पाणी. दुसरं कुठे ओतणार बिचारा, रस्त्यावर? रस्ता खराब होईल." दाजी इथपर्यंत आले आणि थांबले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खोटी मिशी आज नव्हती, तरी काहीतरी सुटून खाली पडल्यासारखं वाटलं.

"अहो," ताई म्हणाली, "तुम्ही स्वतःवरच पाळत ठेवून बसला होतात."

निरीक्षक बाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे तळ्यात काही टाकू नका, असं लिहायला जो रंग वापरता, तोच तळ्यात टाकता? आणि रोज?"

"जनजागृती सतत करावी लागते," अभियंता म्हणाला.

"मग उगम म्हणून लिहा, नगरपालिका."

अभियंता घाईघाईने पुढे झाला. "तसं लिहिता येणार नाही, मॅडम. मासे पूर्ण झालेलं काम आहे. उगम सापडलेला आहे, हे मान्य. पण तो कार्यकक्षेच्या बाहेर सापडलाय."

"आणि सील?" शिपायाने विचारलं. "सामान काढलंय. न लावता परत नेलं तर भांडारवाला घेत नाही."

मग थोडी चर्चा झाली आणि त्या दिवशी चौकात जाऊन पेंटरच्या बादलीला सील ठोकण्यात आलं. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून मेहुण्याने आनंदाने सही केली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी पेंटर लाँड्रीच्या काउंटरपाशी उभा राहिला. हातात निथळणारा ब्रश होता.

"वहिनी, एक बादली मिळेल का? माझी अटकेत आहे."

मेहुण्याच्या बायकोने त्याला आणि ब्रशाला खालीवर न्याहाळलं. "बादली नाही. आत ये आणि मोरीत धू. रोज इथेच धुवायचं. जाळीकडे गेलास तर तुझे कपडे इथे धुतले जाणार नाहीत."

तेव्हापासून पेंटर जेवायच्या आधी मोरीत ब्रश धुतो. तळ्यात निळं यायचं थांबलं. मंडळाने समाधान व्यक्त केलं. दाजींनी अहवालात लिहिलं, की अखंड पाळतीमुळे गुन्हेगाराचे पाय लटपटले आणि त्याने गुन्हा सोडला. तो अहवाल दुसऱ्या सल्लागाराने स्वतःच्या अहवालाला जोडला, कारण त्याच्या मते हे यश माशांचं होतं. पाणी एकाएकी स्वच्छ का झालं, याचा उगम शोधायला आता चौथा सल्लागार येणार आहे. अनुभवाची अट तीच आहे आणि दाजींनी नवीन मिशी घेतली आहे.

मेहुण्याने या वेळी सामान वाहायला नकार दिला. तो दुकानात चादरीचं दुसरं टोक धरतो.

पँट अजून तिथेच आहे, काउंटरच्या मागे, दारातून येणाऱ्याला सरळ दिसेल अशी टांगलेली. दाजींनी दोनदा मागितली. मेहुण्याची बायको म्हणते, "राहू दे, दाजी. डाग निघाला की देते." आणि ती रोज नीट बघते, डाग निघालेला नाही ना.